उशाशी बॅटरी

नांदेडला आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. मूळचे औसा तालुक्यातले. गल्ली त्यांना ‘भूकंपकाका’ म्हणते, आणि तेही तोंडावर. काकांच्या उशाशी बॅटरी असते. बॅटरीच्या दोरीला शिट्टी बांधलेली असते. पलंगाखाली बूट असतात; चपला नव्हेत, बूट. दाराआड खिळ्याला एक कापडी पिशवी टांगलेली आहे. तिच्यात रेशनकार्ड, सातबारा आणि पासबुक यांच्या प्लास्टिकात गुंडाळलेल्या झेरॉक्स, रक्तदाबाच्या गोळ्यांची एक पट्टी, काडेपेटी, गूळ-शेंगदाणे, दहा-वीसच्या काही नोटा आणि एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहिलेले फोन नंबर. नंबर मोबाइलमध्ये आहेत की, असं कुणी म्हटलं तर काका विचारतात, “अन् मोबाइल कुठं हाय?” त्यावर उत्तर देताना बहुतेकांचा हात आपोआप खिशाकडे जातो आणि बऱ्याचदा खिसा रिकामा असतो.

१० जुलै २०२४ च्या सकाळी सव्वासातच्या सुमाराला हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेडलाही बसला. फळीवरची भांडी वाजली, पंखा डोलला आणि गल्ली रस्त्यावर आली. कुणाच्या तोंडात ब्रश, कुणाच्या गालाला फेस, कुणाच्या कडेवर अर्धवट आंघोळ झालेलं पोर. नव्वद टक्के माणसं अनवाणी. काका बूट घालून, पिशवी खांद्याला लावून आणि सिलिंडरची चावी बंद करून आले होते. दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग एकजण म्हणाला, “काका, तुम्ही तर बॅग भरूनच बसलेलाव की!” आणि सगळी गल्ली खो-खो हसली. काकाही हसले.

मी त्या हसण्याचा विचार अजून करतो आहे. हे पुस्तक ज्यांनी जमवलं त्यांनी मला प्रस्तावना मागितली तेव्हा हाच किस्सा त्यांना सांगितला. ते म्हणाले, यावरच लिहा. नांदेड आणि लातूरच्या घराघरांत अडीअडचणीसाठी काय काय राखून ठेवलेलं असतं, आणि राखून ठेवणाऱ्याकडे शेजारपाजार कोणत्या नजरेनं बघतो, याची टिपणं या पुस्तकात आहेत. यादी म्हणून ती वाचायची असतील तर वाचावीत. मला मात्र त्यांत आपल्या स्वभावाची एक जुनी गाठ दिसली.

त्या गाठीचं एक टोक आपल्या शब्दातच आहे. मराठीत आपण ‘वर्षाची बेगमी’ म्हणतो. धान्य, डाळी, लोणचं, पापड, सरपण, कडबा, सगळं भरून ठेवलं की बेगमी झाली. शब्द फारसीतून आला: बे-गम. ज्याला गम नाही, घोर नाही, तो. म्हणजे साठवणीला आपल्या पूर्वजांनी जे नाव दिलं ते वस्तूंवरून दिलं नाही, मनाच्या अवस्थेवरून दिलं. कणगी भरली की माणूस निर्धास्त झोपतो, इतकाच त्याचा अर्थ. आज गंमत अशी उलटली आहे की पिशवी भरून ठेवणाऱ्यालाच आपण घोर लागलेला माणूस समजतो आणि ज्याच्या घरात उद्याच्या पावाचाही पत्ता नाही, जो दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या पोराच्या भरवशावर झोपतो, तो निर्धास्त, आधुनिक, सुखी ठरतो.

मराठवाड्यातल्या जुन्या घरात बेगमी हे घराचंच एक अंग होतं. भिंतीच्या पोटात बळद असायचं. वरून ज्वारी ओतायची, खालच्या बुचातून काढायची. तुराट्यांची विणलेली, शेणानं लिंपलेली कणगी असायची. स्वयंपाकघरात उतरंड, तिच्यातल्या नेमक्या कोणत्या मडक्यात काय आहे हे फक्त आजीला माहीत. गोठ्याशेजारी कडब्याची गंजी. आणि ज्याचं पीक जास्त, त्याचं गावठाणात पेव. जमिनीत खोल खणलेला, तोंडाशी अरुंद, आत फुगीर होत गेलेला खड्डा. आत कडब्याचा, भुश्श्याचा थर द्यायचा, ज्वारी भरायची, वर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी दिवा सोडायचा. दिवा विझला तर आत हवा कोंडलेली आहे, माणूस उतरला तर वर येणार नाही, हे शाळा न शिकलेल्या गड्यालाही ठाऊक असे. पेवातली ज्वारी खाल्लेली माणसं सांगतात, तिला एक उबट वास यायचा. दुष्काळात तो वास कुणाला जाणवत नसे.

इथं आजोळची आठवण काढून गहिवरायला मी तयार नाही. पेव ज्याचं, गाव त्याच्या ताब्यात, हीही गोष्ट तितकीच खरी होती. आषाढ-श्रावणात घरातली ज्वारी संपली की कुणबी, अलुतेदार, मजूर पेववाल्याच्या दारात उभा राहायचा आणि सवाई-दिडीनं धान्य न्यायचा. एक पोतं नेलं की सुगीला दीड परत. एकाची बेगमी ही दुसऱ्याची गुलामी होऊ शकते. साठवणाऱ्याबद्दल आपल्या समाजाच्या मनात जो राग आहे तो मत्सरातून आलेला नाही, अनुभवातून आलेला आहे. पुढं १९५५ साली जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आला आणि ‘साठेबाज’ ही शिवी सरकारी झाली. आजही कुणी दोन महिन्यांचं तेल एकदम भरलं तर दुकानदार डोळे मिचकावून विचारतो, “काय, भाव वाढणार हाय का?” तुम्ही संकटाची तयारी करत असाल हे त्याच्या मनातच येत नाही, नफ्याचीच करत असणार.

याच रागाच्या पलीकडच्या बाजूला दामाजीपंतांची कथा आहे. मंगळवेढ्याचा हा अंमलदार, बिदरच्या बादशहाचा नोकर. दुष्काळात माणसं पटापट मरताना बघून त्यानं सरकारी कोठारं उघडली आणि धान्य वाटून टाकलं. मग विठू महार होऊन विठ्ठलानं बिदरला जाऊन पैसे भरले, असं परंपरा सांगते. चमत्कार बाजूला ठेवला तरी आपल्या लोकांनी कुणाला संत मानलं हे लक्षात येतं. ज्यानं कोठार भरलं त्याला नाही. ज्यानं भरलेलं कोठार उघडलं त्याला. पण भरलेलं होतं म्हणूनच उघडता आलं, हा कथेतला बारकावा कीर्तनकारही फारसा सांगत नाहीत. बिदर लातूर-नांदेडला किती जवळ आहे हे उदगीर-देगलूरकडच्या वाचकाला सांगायला नको.

आता किल्लारीच्या भूकंपाकडे यावंच लागतं. या दोन जिल्ह्यांत तयारीवर लिहायचं आणि किल्लारी टाळायची, हे जमणारं नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, मिरवणुकीत नाचून, दमून माणसं झोपली होती. धक्का ६.२ तीव्रतेचा होता. जगाच्या मानानं तो फार मोठा नव्हता. एवढ्या भूकंपात जपानमधल्या एखाद्या शहरातली माणसं टेबलाखालून बाहेर येऊन पुन्हा कामाला लागतात. इथं मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सापडतो. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पुरती बसली. किल्लारी, सास्तूर ही नावं तोवर तालुक्याबाहेर कुणाला माहीत नव्हती.

मारलं कुणी, तर घरांनी. आणि मला इथं थोडं रेंगाळायचं आहे, कारण ती घरं बेफिकिरीची घरं नव्हती. ती तयारीची घरं होती. दोन-अडीच फूट जाडीच्या, काळ्या दगडाच्या आणि मातीच्या भिंती कशासाठी? उन्हासाठी, आणि चोर-दरोडेखोरांसाठी. वर माळवद कशासाठी? मे महिन्यातल्या त्रेचाळीस डिग्रीत आत गारवा राहावा म्हणून. लाकडी तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला-काटक्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दर मृगाच्या तोंडाशी घर गळू नये म्हणून त्या थरावर आणखी एक थर. बापानं चढवलेल्या मातीवर मुलगा चढवी, मुलाच्या मातीवर नातू. असं करत करत काही घरांवर दोन-दोन फूट माती झाली होती. दरवर्षी घरधनी पावसाळ्याची काळजी मिटवत होता आणि दरवर्षी झोपलेल्या लेकरांच्या डोक्यावरचं ओझं वाढवत होता. ऊन, पाऊस, चोर या तिघांसाठी ते घर अगदी सज्ज होतं. चौथा येईल हे कुणी सांगितलंच नव्हतं. सरकारी नकाशातही हा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

सांगितलं नव्हतं, हेही पूर्ण खरं नाही. जमिनीनं सांगितलं होतं. १९९२ च्या ऑगस्टपासून पुढच्या मार्चपर्यंत किल्लारी परिसरात शंभराहून अधिक धक्क्यांची नोंद झाली. ऑक्टोबरातले धक्के तर चांगले जाणवण्यासारखे होते. जमिनीतून गुरगुर यायची. माणसं अंगणात झोपू लागली. तज्ज्ञ आले, गेले. मग धक्के कमी झाले, थंडी-पाऊस झाला आणि माणसं पुन्हा घरात गेली. त्यांना मूर्ख म्हणणाऱ्यानं एकदा सहा महिने अंगणात झोपून बघावं. सावधपणाला शीण येतो. भीती रोज ताजी राहत नाही. ती शिळी होते, मग तिची चेष्टा होते आणि मग ती विसरली जाते. तयारीबद्दल बोलणाऱ्या पुस्तकांनी हा शीण हिशेबात धरला पाहिजे, आणि बहुतेक पुस्तकं तो धरत नाहीत.

त्या पहाटे ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचे खण नीट जोडलेले होते तिथं भिंती ढासळल्या तरी माळवद खांबांवर तोललेलं राहिलं आणि काही माणसं वाचली. म्हणजे उत्तरही त्याच गावात, त्याच सुताराच्या हातात होतं. पुढं जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला, नवी गावं वसली. जी घरं पडली नव्हती त्यांच्या मजबुतीकरणात गवंड्यांना हेच शिकवलं गेलं: भिंतीत आरपार जाणारे दगड घाला, माळवदाची माती कमी करा, चारी भिंतींना वरून पट्टा बांधा. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं आणि तिच्या प्रेमा गोपालन यांनी या कामात गावोगावच्या बायकांना पुढं आणलं. सिमेंटचं पोतं किती वापरलं हे गवंड्याला विचारणाऱ्या बायका तेव्हा गावाला नव्या होत्या. २००१ साली भूज हादरलं तेव्हा लातूरकडच्या याच बायका गुजरातेत जाऊन तिथल्या बायकांच्या शेजारी बसल्या. या पुस्तकात अशा एका आजींचं टिपण आहे. त्यांच्याकडे बॅटरी नाही, पिशवी नाही, काही नाही. पण नव्या घराची भिंत दिसली की त्या आधी ओंजळभर पाणी मारून बघतात आणि मग कुंकू लावतात. मला पुस्तकातलं हे पान सर्वात आवडलं.

नव्या गावांत एक गोष्ट बराच काळ दिसायची. समोर सरकारनं बांधून दिलेलं पक्कं घर, आणि त्याच्या पुढ्यात पत्र्याचं शेड. दिवसा घरात, रात्री शेडमध्ये. बाहेरून आलेले पाहुणे हसायचे: एवढं चांगलं घर दिलं आणि ही माणसं पत्र्याखाली झोपतात! डोक्यावर पुन्हा काही जड नको, एवढी साधी गोष्ट त्यांना सांगूनही कळत नसे. आमच्या काकांचे बूट त्याच शेडमधून आलेले आहेत. त्या पहाटे ते अनवाणी ढिगाऱ्यावर चढले होते. पुढचं ते सांगत नाहीत, मीही विचारलेलं नाही.

हसण्याचा मुद्दा मघाशी अर्धवट सोडला होता. आपल्याकडे तयारीच्या आड येणारा पहिला शत्रू आळस नव्हे, शकुन आहे. ‘अभद्र बोलू नको, वास्तू तथास्तु म्हणते.’ हे वाक्य ज्यानं लहानपणी ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. घर पडलं तर, आग लागली तर, पूर आला तर, या ‘तर’नं सुरू होणारं कोणतंही वाक्य घरात पुरं होऊ दिलं जात नाही. कुणी केलंच, तर तो काळ्या जिभेचा. मृत्युपत्राची गोष्ट काढणारा मुलगा कृतघ्न ठरतो आणि गॅसची नळी बदला म्हणणारी सून कटकटी. तयारी करायची तर आधी संकटाचं नाव घ्यावं लागतं. नाव घेतलं की ते येतं. त्यामुळं तयारी चोरून करावी लागते. पुस्तक जमवणाऱ्यांना हाच अनुभव आला. पुरुषांना विचारलं, तुमच्या घरात अडचणीसाठी काय ठेवलंय? उत्तर: काही नाही, कशाला? मग बायकांना विचारलं, आणि डाळीच्या डब्यातल्या नोटा, पेटीच्या तळातल्या मेणबत्त्या, पदराच्या टोकाला बांधलेली किल्ली, असं एकेक बाहेर आलं. ज्याला पाश्चात्त्य देशांत ‘प्रेपर’ म्हणतात तो आपल्याकडे बऱ्याच घरांत लुगडं नेसून वावरत होता. फक्त त्याला नाव नव्हतं.

तिकडचा प्रेपर वेगळा. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीनं त्याचा तमाशा केला: जंगलातलं तळघर, डबाबंद अन्नाच्या भिंती, बंदुका, आणि शेजारी आला तर गोळी घालू असा चेहरा. त्या चेहऱ्याला जग हसलं आणि ते हसणं समजण्यासारखं आहे. पण त्याच हसण्यात शहाणपणही वाहून जातं. जर्मनीच्या सरकारनं २०१६ साली नागरिकांना साधा सल्ला दिला, दहा दिवसांचं अन्न आणि पाच दिवसांचं पाणी घरात ठेवा; तर लोकांनी गालात दाणे कोंबणाऱ्या हॅमस्टर उंदराची चित्रं फिरवून सरकारची टिंगल केली. चार वर्षांत करोना आला आणि तीच मंडळी शौचालयाच्या कागदासाठी दुकानात भांडली. स्वीडननं २०१८ साली आणि पुन्हा २०२४ साली घरोघरी पुस्तिका पाठवली, संकट किंवा युद्ध आलं तर काय करायचं याची. तिथं फारसं कुणी हसलं नाही. सरकारनंच सांगितल्यावर तयारी करणारा विक्षिप्त राहत नाही, नागरिक होतो. हे नाव बदलणं फार मोलाचं आहे.

आपण घाबरून जमवतो आणि शांतपणे विसरतो. १ आणि २ जानेवारी २०२४ ला ट्रकचालकांचा संप झाला तेव्हा राज्यभर पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. टाकी अर्धी भरलेली असतानाही माणसं बाटल्या घेऊन उभी होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनचे सिलिंडर ‘असू द्यावं घरात’ म्हणून दडवले गेले आणि ज्याला त्या रात्री हवं होतं त्याला मिळालं नाही. याला तयारी म्हणायचं नाही. तयारी ही संकट नसताना, दुकानं भरलेली असताना, कुणाच्या तोंडचं न काढता करायची गोष्ट आहे. संकट दिसल्यावर जी होते ती झुंबड. तहान लागल्यावर विहीर खणणारा निदान स्वतःच्या रानात खणतो. झुंबडीतला माणूस दुसऱ्याच्या विहिरीला आपली मोटर लावतो.

विहिरीवरून लातूर आठवलंच. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि काही लाख वस्तीचं शहर रेल्वेनं पाणी पिऊ लागलं. ११ एप्रिलला मिरजेहून दहा डब्यांची पहिली गाडी निघाली, दुसऱ्या दिवशी पाच लाख लिटर पाणी लातूरला पोचलं. पुढं पन्नास डब्यांची ‘जलदूत’ एका खेपेला पंचवीस लाख लिटर आणू लागली. त्याआधी मार्चमध्येच पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. १४४ कलम, पाण्यासाठी! दंगल झाली नव्हती. व्हायला नको म्हणून. दारातल्या ड्रमना कुलपं लागली. ज्वारीच्या पेवालाही आपल्याकडे कधी कुलूप नव्हतं, नुसता दगड होता.

लातूरच्या टिपणांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. त्या उन्हाळ्यानंतर ज्याला जमलं त्या घरानं टाकी वाढवली. गच्चीवर एक होती तिथं दोन झाल्या, अंगणाखाली हौद आला, बोअर आणखी खोल गेलं. ज्याच्याकडे जागा आणि पैसा, त्याची पाण्याची बेगमी भक्कम. ज्याच्याकडे पत्र्याची एक खोली, त्याच्याकडे चार घागरी आणि एक ड्रम, आणि त्या ड्रममध्ये डेंग्यूचे डास. आठशे फुटांखालून येणारं पाणी माझ्या एकट्याचं नाही, शेजाऱ्याच्याही जमिनीखालचं आहे, हे बोअरवाल्या गाडीचा आवाज चालू असताना कुणाच्या कानात शिरत नाही. म्हणून घरोघरची तयारी एकेकट्यानं वाढली की गाव सज्ज होतं, या समजुतीवर माझा विश्वास नाही. मांजरेच्या खोऱ्यात ऊस किती लावायचा याचं उत्तर कुठल्याही गच्चीवरच्या टाकीत नाही. १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि परदेशातली लाल मिलो खाल्लेली पिढी अजून आहे. तिला कुणाच्या कणगीनं तगवलं नाही, रस्त्याच्या आणि तलावाच्या कामानं तगवलं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी ही महाराष्ट्रानं केलेली सार्वजनिक बेगमीच होती.

नांदेडपाशी याचं दुसरं, फार सुंदर उदाहरण आहे आणि ते आमच्या नाकासमोर असल्यानं आम्हाला दिसत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला आलेले पंजाबचे सुमारे चार हजार यात्रेकरू इथंच अडकले. एप्रिल संपत आला तेव्हा ते परतू शकले. तोवर त्यांना लंगरनं जेवू घातलं. कुणी घाईघाईत समिती नेमली नाही, कारण चूल आधीच पेटलेली होती. पातेली, कोठार, वाढपी, शिस्त सगळं रोजच्या वापरातलं होतं. तिथली तयारी कपाटात ठेवून द्यायची नसते, ती रोज वाटून संपवायची आणि रोज पुन्हा भरायची असते. तिला शीण येत नाही, गंज चढत नाही. आमच्या काकांच्या पिशवीत आणि लंगरात फरक आहे, पण जात एकच आहे असं मला वाटतं. काकांच्या शिट्टीचा आवाजही शेजाऱ्यासाठीच असतो. स्वतःला ऐकू यावा म्हणून कुणी शिट्टी फुंकत नाही.

मर्यादा मात्र सांगितल्या पाहिजेत. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत आभाळ कोसळलं. हसनाळ, रावणगाव, भासवाडी या लेंडी धरणाच्या परिसरातल्या गावांत पाणी शिरलं, माणसं गेली, जनावरं गेली, लष्कराला बोलवावं लागलं. लेंडी प्रकल्पाच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळलेला. अशा रात्री उशाशी बॅटरी असलेला माणूस फार तर आपल्या घरात चढणारं पाणी स्पष्ट बघू शकतो. जिथं गावच हलवायला हवं होतं तिथं पिशवी भरा म्हणून सांगणं क्रूर आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आलं, १०७७ हा मदतीचा क्रमांक आला, ‘आपदा मित्र’ म्हणून तरुणांना प्रशिक्षण मिळू लागलं. हे सगळं चांगलं आहे. पण विष्णुपुरी धरणाचे किती दरवाजे उघडले ही पावसाळ्यात नांदेडची रोजची बातमी असते, आणि दरवाजा उघडल्यावर आपल्या वस्तीत किती वेळात पाणी येतं हे नदीकाठच्या किती घरांना ठाऊक असतं? हे पुस्तक वाचून कुणी एवढा एक प्रश्न योग्य टेबलावर जाऊन विचारला तरी पुरे.

पुस्तकाबद्दल दोन तक्रारीही करून टाकतो, कारण नुसतं कौतुक करणारी प्रस्तावना लग्नपत्रिकेसारखी असते. एक, जमवणारे शहरातच जास्त फिरले. किनवट-माहूरकडचे तांडे, जिथं साप चावला तर दवाखान्याची वाट हाच मोठा प्रश्न, ते यात जवळजवळ नाहीत. उघड्या रानात वीज अंगावर पडून जाणाऱ्या गुराख्यांचाही उल्लेख एका ओळीत उरकला आहे. खरं तर आमच्याकडे झाडाखाली उभं न राहणं ही सर्वात स्वस्त तयारी आहे आणि सर्वात दुर्लक्षितही. दोन, काही टिपणांत जुन्या काळाचे फार गोडवे गायले आहेत. माळवदाचं काय झालं हे वर सांगितलंच.

काकांचं एक सांगून थांबतो. त्यांच्या बॅटरीला वर्षातून एकदा नवे सेल मिळतात. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, मग जुने संपलेले असोत वा नसोत. गोळ्यांची पट्टी बदलतात, गूळ-शेंगदाणे त्या दिवशी खाऊन टाकतात आणि ताजे भरतात. काढलेले सेल गल्लीतल्या पोरांना खेळण्यातल्या गाड्यांसाठी मिळतात. यंदा विसर्जनाच्या रात्री, मिरवणूक चौकातून परतायच्या आधीच, तिघं पोरं काकांच्या पायरीवर येऊन बसली होती. गुलालानं माखलेली. काका म्हणाले, “अरे, उद्या.” त्यातलं धाकटं म्हणालं, “काका, सेल उद्याच द्या. ती शिट्टी आज एकदा वाजवून बघू का?”